तीनच्या समारंभाची सव्वाअकराची तार

राज्य पुनर्रचना झाली त्या हिवाळ्यात, डिसेंबरातल्या एका शनिवारी सकाळी सव्वाअकरा वाजता, मी बुऱ्हाणपूरच्या तारघरातून नागपूरच्या आमच्या दैनिकाला एका उद्घाटन समारंभाची बातमी पाठवली. समारंभ त्याच दिवशी दुपारी तीन वाजता व्हायचा होता.

तारेत तो झालेला होता. इतवारा भागात विणकरांच्या सहकारी सोसायटीच्या सूत-भांडाराची फीत उपमंत्र्यांनी कापली होती. त्यांनी भाषण केले होते. शेकडो विणकरांनी टाळ्या वाजवल्या होत्या. तार देताना माझ्याशेजारी माझी पत्नी उभी होती आणि तिच्या हातात माव्याच्या जिलब्यांचा पुडा होता.

त्या वेळी मी सव्वीस वर्षांचा होतो. दैनिकात बातमीदार म्हणून सात महिने उमेदवारी झाली होती. कायम करायचे की नाही, हे डिसेंबरअखेर ठरणार होते. त्या भरवशावर आम्ही नागपुरात महाल भागात दोन खोल्या घेतल्या होत्या. माझ्या आधी त्याच खुर्चीवर बसणाऱ्या बातमीदाराने शहरातल्या एका वकिलांच्या निधनाची बातमी दिली होती. वकील दुसऱ्या दिवशी अंक हातात घेऊन स्वतः कचेरीत आले. खुर्ची त्यामुळे रिकामी झाली होती आणि मला मिळाली होती. चुकीची बातमी छापली गेली तर उमेदवाराचे काय होते, हे मला कोणी वेगळे सांगण्याची गरज नव्हती.

एक नोव्हेंबरपर्यंत बुऱ्हाणपूरचा कारभार नागपूरहून चाले. त्या दिवसापासून नागपूर मुंबई राज्यात गेले, बुऱ्हाणपूर मध्य प्रदेशातच राहिले आणि त्या प्रदेशाची राजधानी भोपाळ झाली. आमच्या कचेरीतून सचिवालय पायी सात मिनिटांवर होते. ते उठल्यावर बातम्यांचे रकाने भरेनात. वृत्तसंपादकांनी एका सकाळी सगळ्यांना बोलावून सांगितले, "राजधानी गेली ती गेली. वाचक तरी जाऊ देऊ नका." बुऱ्हाणपूरला आमचे बरेच वाचक होते. भोपाळचे उपमंत्री तिथे पहिल्यांदाच येणार होते, म्हणून मला पाठवायचे ठरले.

पत्नी मुलींच्या शाळेत भूगोल शिकवत असे. तिच्या वर्गातला भिंतीवरचा नकाशा नोव्हेंबरात चुकीचा ठरला होता आणि नवा आला नव्हता. मुलींना ती खडूने हद्दी काढून दाखवी. बुऱ्हाणपूरचे नाव निघताच ती म्हणाली, "म्हणजे तापी."

"समारंभ आहे. सुताचा."

"चार वर्षं शिकवतेय. पश्चिमवाहिनी नद्या, नर्मदा आणि तापी. दोन्ही पाहिलेल्या नाहीत. मुली विचारतात, बाई, केवढी आहे हो? मी हात पसरून दाखवते."

लग्नाला अकरा महिने झाले होते आणि आम्ही कुठेही गेलो नव्हतो. बुऱ्हाणपूरला बुधवाऱ्यात तिची मावशी राहत होती. तेव्हा राहण्याचा प्रश्न नव्हता. पत्नीने शुक्रवार-शनिवारची रजा टाकली. अट एकच होती: शुक्रवार माझा, शनिवार तिचा. शनिवारी मी वही काढायची नाही.

गुरुवारी संध्याकाळी निघून, भुसावळला गाडी बदलून, तापीचा पूल अंधारातच ओलांडून, शुक्रवारी सकाळी आम्ही बुऱ्हाणपूरला उतरलो. स्टेशन शहराबाहेर आहे. टांग्याने बुधवाऱ्यात पोहोचेपर्यंत नऊ वाजले. मावशीचे यजमान निवृत्त शाळामास्तर होते. पत्नी त्यांना काका म्हणे, म्हणून मीही म्हणू लागलो. ते ओट्यावर वर्तमानपत्र वाचत बसले होते. माझ्याच दैनिकाचा आदल्या दिवशीचा अंक होता.

"या जावई. तुमच्या पेपरात आमचं गाव परगाव झालं ना आता?"

"तसं काही नाही काका."

"कसं नाही? परवापर्यंत आम्ही पान दोनवर होतो, आता पान पाचवर. आम्ही इथंच बसलो आहोत, इंचभर हललो नाही. राजधानीच उठून गेली."

आतून मावशी म्हणाल्या, "अहो, त्यांना हातपाय तर धुऊ द्या. आल्या आल्या भोपाळ काढून बसले."

चहा झाल्यावर मी इतवाऱ्यात सोसायटीच्या चिटणीसांकडे गेलो, तेव्हा कळले की उपमंत्र्यांचा दौरा एक दिवसाने पुढे गेला आहे. समारंभ शुक्रवारी दुपारी होता. आता तो शनिवारी दुपारी तीनला होता. चिटणीस चाळिशीतले, घाईत असलेले गृहस्थ होते. त्यांनी मला टंकलिखित कार्यक्रमपत्रिका दिली. उपमंत्र्यांचे भाषणही दिले. ते हिंदीत होते, चार पानांचे, आणि भोपाळहून छापूनच आले होते.

मी विचारले, "सूत किती आलं आहे?"

ते म्हणाले, "येऊन राहिलं आहे. चिंता नका करू."

भांडाराच्या दरवाज्याचा हिरवा रंग ओला होता. अंगाला लागेल म्हणून मी आत गेलो नाही. आत न गेल्याची नोंद माझ्या वहीत नव्हती. पुढे मी ती केली.

घरी येऊन पत्नीला सांगितले. ती मावशींबरोबर भरितासाठी वांगी भाजत होती. तिने चिमटा खाली ठेवला नाही.

"ठीक आहे. मी एकटी जाईन नदीवर. रविवारी सकाळी गाडी, सोमवारी शाळा. उद्याशिवाय दिवस नाही."

"सकाळी जाऊ. दोनला परत."

"मावशी म्हणतात पलीकडे जैनाबादला जायचं, जुन्या बागेत जेवायचं, उन्हं कलल्यावर परतायचं. तशी जायची असते तापी. दोनला परत यायला काय, ती शाळा आहे?"

मावशींनी वांगे उलटले आणि म्हणाल्या, "त्या मंत्र्याची रिबन काय आजवर पाहिली नाहीत का जावईबापूंनी? सगळ्या एकसारख्याच राहतात."

हे खरे होते, आणि माझी अडचण तिथूनच सुरू झाली. आमच्या धंद्यात आधी लिहून ठेवण्याची एक मान्य रीत आहे. अंदाजपत्रक, अधिवेशन, पदवीदान अशा कार्यक्रमांची भाषणे छापील मिळतात. बातमी सकाळीच लिहितात, वर 'भाषण झाल्यावर वापरावी' असे लिहितात, आणि भाषण झाल्यावर ती खाली छापखान्यात सोडतात. माझ्याजवळ भाषण होते, पत्रिका होती, पाहुण्यांची यादी होती. शहरातले तारघर शनिवारी पाचला बंद होई. समारंभाला थांबलो तर तार देऊन मोकळे होईपर्यंत सूर्य मावळणार. आधी दिली तर दिवस मोकळा. वरची सूचना लिहिली तर वृत्तसंपादक समारंभ झाल्याच्या दुसऱ्या तारेची वाट पाहणार. म्हणून सूचना न लिहिण्याचे मी ठरवले.

शनिवारी सकाळी ओट्यावर बसून मी मजकूर लिहिला. तारेची भाषा इंग्रजी असे. मराठी भाषांतर नागपूरच्या टेबलावर होई. पत्नी शेजारी बसून वाचत होती.

"माझ्या मुलींनी परीक्षेच्या आधी उत्तरपत्रिका लिहून आणली तर मी काय करते, माहीत आहे ना?"

"इथं प्रश्नपत्रिका आधी मिळाली आहे."

"तिलाच फुटलेली म्हणतात." मग थोडे पुढे वाचून म्हणाली, "हजारो विणकर? इतवाऱ्याच्या त्या गल्लीत?"

मी हजारो खोडून शेकडो केले. त्या वेळी मला ते काटेकोरपणाचे काम वाटले.

काका समारंभाला जाणारच होते. ते निवृत्तीनंतर गावातले एकही भाषण चुकवत नसत. काही निराळे घडले तर त्यांच्याकडून कळेल, असे मी धरून चाललो. कळून मी नदीपलीकडून काय करणार होतो, हा विचार केलेला नव्हता.

तारघरातल्या बाबूने मजकूर वाचला, पेन्सिलीने शब्द मोजले, आणि चष्म्यावरून माझ्याकडे पाहिले.

"साहेब, उद्घाटन तर आज तीनला आहे ना? आमचा मेव्हणाही जाणार आहे."

"हो."

"मग हे?"

"तयारी असते आमची."

"असेल. मला काय, मला शब्द मोजायचे." त्याने शिक्का मारला आणि वेळ लिहिली.

बाहेर पडल्यावर मी वही पत्नीच्या हातात दिली. तिने ती वाटेत मावशींच्या घरी ठेवली आणि ओट्यावरून उतरताना म्हणाली, "आता तुम्ही बातमीदार नाही. नुसते जावई."

राजघाटाच्या पायऱ्यांवरून तापी दिसली. हिवाळ्यातले पाणी उतरलेले होते. पात्र मात्र रुंद, आणि मधे मधे काळे खडक. पत्नीने दोन्ही हात पसरले, मग आणखी पसरले, आणि म्हणाली, "कमी दाखवत होते."

नाव भरायला अर्धा तास लागला. नावाडी वयस्क होता. नाव भरल्याशिवाय तो हलत नसे आणि भरल्यावरही बिडी संपल्याशिवाय हलत नसे. पत्नीने त्याला विचारले, "हे पाणी कुठल्या दिशेला जातं?"

"खाली."

"खाली म्हणजे पश्चिमेला ना?"

"बाई, पाणी खालीच जाते. पश्चिमेला तुम्ही नेलं."

ती इतकी हसली की नाव हलली आणि नावाड्याने तिला मधल्या फळीवर बसवले.

जैनाबादच्या जुन्या बागेत एका पडक्या बारादरीच्या सावलीत आम्ही जेवलो. मावशींनी भरीत, कळण्याच्या भाकरी आणि कांदा दिला होता. जिलबी खव्याची असल्यामुळे काळपट आणि जड होती. पत्नीने दोन खाल्ल्या आणि तिसरी माझ्यापुढे ठेवून माझ्याकडे न पाहता अर्धी स्वतःच मोडून घेतली. मी डबा बंद केला तेव्हा घड्याळात दोनला दहा मिनिटे होती. बातमीप्रमाणे उपमंत्र्यांची मिरवणूक या वेळी स्टेशनहून इतवाऱ्यात पोहोचत होती.

बागेच्या विहिरीवर एक बाई पाणी भरत होती. पत्नी डबा धुवायला गेली आणि तिच्याशी बोलत बसली. शिक्षकांची ही सवय आहे. ते कुठेही गेले तरी विचारतात, घरी कोण, काय करता, मुलं शाळेत जातात का. मी झाडाखाली आडवा झालो होतो. ऐकू सगळे येत होते. बाई इतवाऱ्यातल्या विणकराच्या घरची होती. बहिणीकडे जैनाबादला आली होती.

"आज तर तुमच्याकडे भांडाराचं उद्घाटन ना? सोडून आलात?" पत्नीने विचारले.

"कशाचं उद्घाटन, बाई? आत सुपारीएवढं सूत नाही."

"नाही म्हणजे?"

"नाही म्हणजे नाही. महिना झाला, घरात कांड्या भरायला धागा नाही. बसून बसून काय करू, म्हणून बहिणीकडे आली. पहिले सूत उचलायचा कागद नागपूरचा होता. आता म्हणतात तो चालत नाही, भोपाळचा पाहिजे. भोपाळचा अजून निघालाच नाही. सूत तिकडे गिरणीत पडून आहे."

"मग आज रिबन कापणार ती?"

"कापू देतील तेव्हा ना. आमच्यात नवीन माग लावला तर उभ्या सुताचा ताणा चढल्याशिवाय मिठाई वाटत नाहीत. हिंदूचा असो, मुसलमानाचा असो. रिकाम्या मागाला हार घातला तर तो रिकामाच राहते. आणि हे तर पूर्ण भांडार आहे. काल सगळे बसले, ठरवून टाकलं. मंत्र्याला चहा पाजू, हात जोडू, पण रिबन नाही."

"चिटणीसांना माहीत आहे?"

"त्यांना आज सांगणार होते. आधी सांगितलं असतं तर त्यांनी समजावत बसवलं असतं."

पत्नी डबा घेऊन माझ्याकडे आली. मी उठून बसलो होतो.

"ऐकलंत?"

"ऐकीव आहे," मी म्हणालो. "तिनं स्वतः पाहिलेलं नाही. ठरलं असेल, झालं असेलच असं नाही."

"तुमची तार तर ऐकीवसुद्धा नव्हती."

 आमच्याकडे एका तोंडाची बातमी छापत नाहीत, दुसऱ्याकडून खात्री करतात. मी दुसरे तोंड कुठून आणायचे याचा विचार करत नदीकाठी आलो. ते समोरून नावेत बसून येत होते.

नावेत बँडवाले होते. लाल डगले, पितळी बटणे, एकाच्या मांडीवर मोठा ढोल, दुसऱ्याच्या कुशीत कर्णा. जैनाबादचाच बँड होता. पत्रिकेप्रमाणे त्यांनी साडेतीनपर्यंत वाजवायचे होते. तीन वाजायला पाच मिनिटे होती. बँडमास्तर किनाऱ्यावर उतरला तसे मी विचारले, "लवकर आलात?"

"बंद करवलं."

"कोणी?"

"स्टेशनवर वाजवलं, रस्त्यात वाजवलं. इतवाऱ्याच्या तोंडाशी दीड-दोनशे लोक हात जोडून उभे. म्हणाले, बँड थांबवा. थांबवला. मंत्र्याशी बोलले, मंत्री गाडीतून उतरले, चहा प्यायले, गेले."

"फीत?"

"कोणती फीत?"

"रिबन. कापली?"

"कशाला कापतील? आहे तशीच आहे. आम्ही तिच्यासाठी वेगळी धून बसवली होती, तीही राहिली."

पत्नीने माझ्याकडे पाहिले. "झाली दोन तोंडं?"

झाली होती. तारघर पाचला बंद होणार होते. माझी सव्वाअकराची तार तोवर नागपूरला पोहोचलेली असणार. बाहेरगावी जाणारी डाक आवृत्ती आठच्या सुमारास यंत्रावर चढत असे. ती रात्रीच्या गाडीने निघे आणि रविवारी दुपारी बुऱ्हाणपूरच्या ओट्याओट्यांवर पोहोचे. न कापलेली फीत कापल्याचे तिथे छापलेले असेल आणि ते वाचणारे दीड-दोनशे लोक स्वतः हात जोडून उभे राहिलेले असतील. वकील एकटेच कचेरीत आले होते. इथे सगळा इतवारा येऊ शकत होता.

नावाडी भाकरी सोडत होता. मी म्हणालो, "बाबा, लगेच निघायचं."

"भरू द्या."

"सगळ्यांचे मी देतो."

"पैशाचं नाही. रिकामी नाव हलते. मघा बाईंनी हलवली तशी."

पत्नी पुढे झाली. "बाबा, यांची नोकरी जाईल."

नावाड्याने मला वरपासून खालपर्यंत पाहिले. "करतात काय?"

"पेपरात लिहितात."

"मग जाऊ द्या की, दुसरी लागेल." तरीही त्याने भाकरी परत फडक्यात बांधली. ढोलवाल्याला शहरात काही काम असल्याचे आठवले आणि तो ढोलासकट पुन्हा चढला, त्यामुळे वजनही झाले.

पलीकडे पोहोचेपर्यंत मला लिहायला सुरुवात करायची होती. वही मावशींकडे होती. खिशात उपमंत्र्यांचे छापील भाषण होते. त्याची मागची बाजू कोरी होती. पत्नीने पर्समधून शाळेची लाल पेन्सिल काढली. ढोल आडवा ठेवून त्यावर कागद पसरला. ढोलवाला म्हणाला, "जोरात नका लिहू."

टांग्याने आम्ही आधी इतवाऱ्यात गेलो. पाहिल्याशिवाय दुसरी तार द्यायची नाही, एवढे मी त्या अर्ध्या तासात शिकलो होतो. भांडाराचा हिरवा दरवाजा बंद होता. फीत दोन खिळ्यांना ताणून बांधलेली होती. मी गज धरून खिडकीतून आत पाहिले. फळ्या होत्या, तराजू होता, हार घातलेली एक तसबीर होती. सूत नव्हते.

मंडपात काका एकटे चहा पीत बसले होते. मला पाहून त्यांनी खिशातून एक वहीचा कागद काढला.

"तुम्ही येणार नाही असं समजून मी लिहून ठेवलं. शाळेच्या इन्स्पेक्शनची सवय आहे. वेळा डावीकडे आहेत."

मोत्यासारख्या अक्षरात लिहिले होते: एक पन्नास, मिरवणूक इतवाऱ्यापाशी थांबली. एक पंचावन्न, विणकरांतर्फे एका वृद्ध गृहस्थाने निवेदन केले. दोन दहा, उपमंत्री म्हणाले, सूत आल्यावर येईन, तोवर फीत राहू द्या. दोन पंचवीस, प्रस्थान. खाली एक ओळ होती: भाषण झाले नाही, याबद्दल श्रोत्यांत नाराजी आढळली नाही.

"काका, हे सगळं तुम्ही स्वतः पाहिलं?"

"मग काय भोपाळहून पाहिलं?"

चिटणीस मंडपाच्या खांबाजवळ उभे होते. काल ते घाईत होते, आज नव्हते. मी विचारले, "सूत येऊन राहिलं आहे म्हणालात."

"येऊनच राहिलं आहे. मी खोटं नाही बोललो. कागद येऊन राहिला आहे, मग सूत येईल." मग म्हणाले, "मी रात्रभर विचार करत होतो, आज काय बोलू. बरं झालं, त्यांनीच सांगितलं. माझ्या तोंडून नसतं निघालं. तुम्हाला लिहायचं तर हे लिहा."

मी त्यांचे म्हणणे त्यांच्याच शब्दांत उतरवून घेतले आणि त्यांना वाचून दाखवले. त्यांनी 'रात्रभर' काढायला लावले. कोणाच्या सांगण्यावरून मी शब्द क्वचितच काढतो. तो काढला.

तारघरात पोहोचलो तेव्हा साडेचार वाजून गेले होते. बाबूने पहिली ओळ वाचली. ती अशी होती: सकाळची तार रद्द समजावी, समारंभ झाला नाही.

"सकाळी उद्घाटन केलंत, आता रद्द करता?"

"हो."

"माझा मेव्हणा जाऊन आला. तो म्हणाला, रिबन तशीच आहे. मी त्याला म्हणालो, असं कसं, मी स्वतः सकाळी पाठवली आहे." त्याने शब्द मोजले. "सकाळची कापलेली तार गेली. आता ही न कापलेली जाईल." चार पन्नासला त्याने शिक्का मारला.

संध्याकाळी घाटावर पुन्हा जायला वेळ होता. सूर्य पाणी जात होते त्याच बाजूला उतरत होता. पत्नी पायरीवर बसली. मी तिला म्हणालो, "तुझा दिवस गेला."

"कुठे गेला? माणसं तर याच दिवसात भेटली." मग म्हणाली, "पण दुसरी तार पोहोचली नसेल तर?"

"तर मी शिकवण्या करीन."

"भूगोल नका घेऊ."

रविवारी सकाळच्या गाडीने आम्ही निघालो. आमचा अंक बुऱ्हाणपूरला उशिरा येई. तो पाहायला थांबलो असतो तर गाडी चुकली असती. भुसावळला उतरताच मी वर्तमानपत्रांच्या गाड्याकडे गेलो. आमच्या डाक आवृत्तीचा गठ्ठा नुकताच सोडत होते. पत्नी सामानापाशी उभी राहिली. तिथून तिला माझी फक्त पाठ दिसत होती, असे तिने नंतर सांगितले. मी पान पाच उघडले, तिथे काही नव्हते. पान तीन उघडले, नव्हते. बातमी पान एकवर, तळाशी होती. मथळा होता: 'सूत नाही, उद्घाटन नाही.' खाली 'आमच्या खास प्रतिनिधीकडून'. बातमी दुसऱ्या तारेची होती.

मी अंक तिच्याकडे नेला. तिने उभ्याने वाचला आणि म्हणाली, "दीड-दोनशे लिहिलंत. शेकडो नाही."

सोमवारी अकराला वृत्तसंपादकांनी बोलावले. त्यांच्या टेबलावर दोन्ही तारा शेजारी शेजारी ठेवलेल्या होत्या. दोन्हीवर तारघरात तार दिल्याची वेळ होती, आणि पहिलीवरच्या वेळेभोवती निळ्या पेन्सिलीने वर्तुळ काढलेले होते. आमच्या टेबलावर तारेचा मजकूर वाचण्याआधी तिची वेळ वाचत असत. सात महिन्यांत मी हे पाहिले नव्हते. पहिली तार त्यांनी आल्याबरोबर बाजूला काढून ठेवली होती.

"तीनचा समारंभ सव्वाअकराला पाहिलात?"

"नाही. पाहिला नव्हता."

"का पाठवली?"

मी कारण सांगितले. नदी, नाव, जैनाबाद, शनिवार. 

"आणि दुसरीतली ती विणकराच्या घरची बाई? ताणा आणि मिठाई? ही तुम्हाला कुठं भेटली?"

"मला नाही. पत्नीला भेटली. मी झाडाखाली झोपलो होतो."

"पत्नी काय करतात?"

"भूगोल शिकवतात."

"त्यांना नोकरी बदलायची आहे का?"

"विचारलं नाही."

"विचारा." त्यांनी पहिली तार टेबलावरच्या काचेखाली सरकवली, वेळेचे वर्तुळ माझ्याकडे येईल अशी. दुसरी फाइलला लावली. "ही इथं राहील. जा, कामाला लागा."

डिसेंबरअखेर मला कायम केले नाही. उमेदवारी तीन महिन्यांनी वाढवल्याचे पत्र मिळाले. कारण लिहिलेले नव्हते. जानेवारीत भोपाळचा कागद निघाला आणि सुताचे गठ्ठे बुऱ्हाणपूरला आले. ही बातमी काकांच्या पत्रातून कळली, आणि चिटणीसांकडून खात्री करून घेतल्यावर मी ती दिली. पत्नीच्या शाळेत नवा नकाशा फेब्रुवारीत लागला.

मार्चच्या शेवटच्या शनिवारी, एप्रिलच्या पहिल्या तारखेपासून मला कायम केल्याचे पत्र माझ्या हातात आले.